टाचेला टाच

(व्हर्जिनियाच्या डोंगरातलं खाणीखालचं गाव. घरामागच्या शेडमध्ये बहीणभाऊ शर्यतीच्या गाडीचं इंजिन बांधतायत.)

ओडेल : अजून सांगतो व्हर्ली, झडपा उचलायला चाकवाले, रोलरचे लिफ्टर घाल. एवढ्या उंच उंचवट्यांचा हा कॅमचा फिरता दांडा, एवढ्या कडक स्प्रिंगा. त्यांच्या भाराखाली सपाट लिफ्टर किती तग धरणार?

व्हर्ली : आणि शनिवारी ट्रॅकवर तपासनीस इंजिनाचं झाकण उघडेल तेव्हा? आपल्या गटात रोलर चालत नाहीत. तुलाही ठाऊक, मलाही. मग तेच दळण कशाला?

ओडेल : मग तेलावर चालणारे घे.

व्हर्ली : जोरात पळवलं की फुगून बसतात ते, झडपा मिटूच देत नाहीत. नाही रे. भरीव आणि सपाट. ठरलंय आपलं. दे एकेक.

ओडेल : हा घे. काळं ग्रीस लावूनच ठेवलंय. थेट बसव.

व्हर्ली : कॅमवर घासते त्या खालच्या टाचेलासुद्धा? सूर्य कुठून उगवला आज?

ओडेल : तुझा खांदा अजून पुरता वळत नाही. म्हटलं, तेवढीच मदत.

व्हर्ली : गुणाचा माझा भाऊ! फडकं दे. बघूनच बसवते.

ओडेल : नवे आहेत गं, खोक्यातले. बघायचं काय त्यात?

व्हर्ली : बाबा बघायचेच ना. टाचेला टाच लावायचे. नव्याची टाच किंचित फुगीर, एकावर एक ठेवले की डोलतात. लहानपणी मला वाटायचं, नाचतायत.

ओडेल : मक्याचा पाव गार होतोय. आधी खाऊन घेऊ.

व्हर्ली : हा डोलत नाही.

ओडेल : नीट पुसला नसेल.

व्हर्ली : हाही नाही. दगडावर दगड ठेवावा तसा बसलाय. ओडेल, हे वापरलेले आहेत! दुकानदारानं गंडवलं आपल्याला. फोन दे, सोलून काढते मेल्याला.

ओडेल : राहू दे.

व्हर्ली : राहू दे काय? नव्या कॅमवर झिजलेली टाच! इंजिन सुरू केलं की कपातली कॉफी निवायच्या आत कॅमचे उंचवटे खरवडून निघतील. बाबा काय म्हणायचे?
नव्याला द्यावं नवं, जुन्याला जुनं घर,
जोड्या जो मोडील, त्याचं पीठ भरभर.

ओडेल : दुकानदाराचा दोष नाही, व्हर्ली.

व्हर्ली : थांब. इथं वरच्या कडेला काहीतरी घासून काढलंय. इथंच बाबा आकडा कोरायचे, कुठला कुठे बसतो त्याचा. हे बाबांच्या गाडीतले आहेत.

ओडेल : हो.

व्हर्ली : बाबांचे आकडे पुसलेस तू?

ओडेल : बारीक पॉलिशपेपरनं. एकेक करून पुसले.

व्हर्ली : का?

ओडेल : गेल्या मोसमात तिसऱ्या वळणावर तुझी गाडी उलटली तेव्हा तू शुद्धीत नव्हतीस. सीटचा पट्टा मी कापला. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तू ते पाहिलं नाहीस. मी डोळे मिटले की तेच पाहतो. म्हटलं, मरायचंच तर इंजिन मरू दे, इथं शेडमध्ये. तू नको.

व्हर्ली : मग समोर उभं राहून म्हणायचंस, जाऊ नको.

ओडेल : ऐकलं असतंस?

व्हर्ली : नसतं ऐकलं. पाना फेकून मारला असता तुला. पण भाऊ तरी उरला असता.

ओडेल : असं नको गं बोलू.

व्हर्ली : सगळा हिवाळा मी मागं न बघता हात पसरला. हवं ते आपोआप यायचं हातात. आंधळीनं भिंतीला धरून चालावं, तशी चालले मी. आणि इंजिन मेल्यावर काय करणार होतास? माझ्याबरोबर रडणार होतास?

ओडेल : बहुतेक.

व्हर्ली : नवे कुठायत?

ओडेल : ट्रकमध्ये, सीटखाली. टाकवेनात.

व्हर्ली : आण जा.

ओडेल : हे घे. सगळे आहेत. डोलतायत ना?

व्हर्ली : डोलतायत.

ओडेल : शनिवारी... मी येऊ?

व्हर्ली : ये. पट्टा कापायची सुरी घेऊन ये.

ओडेल : बरं. कॉफी ओतलीय तुला. साखर तुझ्या मापानं घातलीय.

व्हर्ली : ठेव तिथं. आधी चाखून बघते.