पाटल्यांचा एक शेअर

मंडळी, आख्यानाआधी एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका, पहिल्या रांगेला सगळं येतं हे मला ठाऊक आहे. एखादी वस्तू 'दिली' असं म्हणायचं केव्हा? हातातून सुटली तेव्हा, की मनातून सुटली तेव्हा?

मनातून! बघा, आलंच उत्तर! देवळात सगळ्यांचं सगळं मनातून सुटतं हो. बाहेर चपलांपाशी गेलं, की परत चिकटतं!

बरं, ऐका. तासगावच्या बाजूला श्रीपतराव देशिंगकर म्हणून एक गृहस्थ होते. बेदाण्याचं शीतगृह होतं त्यांचं. साधं नव्हे — कंपनी! शेअर शंभर. त्यातले नव्व्याण्णव श्रीपतरावांचे आणि एक त्यांच्या बायकोचा, शालनवहिनींचा. एकच का? तर तसली कंपनी काढायला कायद्याला दोन नावं लागतात. पूजेला बसताना शेजारच्या पाटावर बायको लागते ना, तशी!

कंपनी काढल्यापासून सोळा वर्षं तिची वार्षिक सभा भरायची स्वयंपाकघरात. श्रीपतराव कागद पुढं करायचे, वहिनी पिठाचा हात पुसून सही करायच्या, आणि तव्यावरची पोळी करपायच्या आत सभा बरखास्त!

या वहिनींचं अकरा वर्षं एकच मागणं होतं. बेदाणा निवडायची जागा शीतगृहाला लागूनच. दार उघडलं, की आतला गारठा थेट निवडणाऱ्या बायकांच्या अंगावर. बोटं बधीर व्हायची त्यांची. वहिनी म्हणायच्या, त्यांना उन्हाच्या बाजूला वेगळी खोली बांधून द्या. श्रीपतराव म्हणायचे, बघू पुढच्या साली. ते पुढचं साल अकरा वेळा आलं आणि चहा पिऊन परत गेलं.

अशात एका मुंजीच्या पंगतीत शेजारच्या पानावरच्या पाहुण्यानं श्रीपतरावांना जिलेबीबरोबर सल्ला वाढला. म्हणे, शेअर बायकोच्या नावावर करा. लाभांश तिला मिळेल, तिला दुसरं उत्पन्न नाही, म्हणजे कर वाचला! पंगतीत मीठ मागावं लागतं, मंडळी, सल्ला मागावा लागत नाही. श्रीपतरावांचे करसल्लागार होते मुतालिक, मोठा जाणता माणूस. पण त्यांना विचारलं तर फी पडणार! म्हणून विचारलंच नाही.

अक्षय्य तृतीयेला शीतगृहात पूजा झाली. चारचौघांसमोर उभे राहून श्रीपतराव म्हणाले, अर्धांगिनीला अर्धी कंपनी! पळीभर पाणी सोडलं, बक्षीसपत्र केलं, पन्नास शेअर कंपनीच्या वहीत वहिनींच्या नावावर चढवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, या माणसानं मनापासून दिलं.

आता हिशेब करा बरं. अर्धे म्हणून पन्नास दिले, पण वहिनींचा एक आधीचाच होता! तो मोजायचा राहिला. आमचे तबलजी बोटांवर मोजतायत बघा. किती झाले? एक्कावन्न!

पुढच्या वर्षी विवरणपत्र भरायची वेळ आली, तेव्हा मात्र मुतालिकांकडं जावंच लागलं. मुतालिकांनी कागद पाहिले आणि चष्मा काढून ठेवला.

"बक्षिसावर वहिनींना कर नाही, ते बरोबर," ते म्हणाले. "पण त्या पन्नास शेअरांचा लाभांश तुमच्याच उत्पन्नात धरायचा. बायकोला फुकट दिलं, तर त्यातून येणारं उत्पन्न कायदा नवऱ्याचंच समजतो. सज्ञान लेकीला दिलं असतंत, बहिणीला दिलं असतंत, तर गोष्ट वेगळी होती."

म्हणजे बघा गंमत! लाभांश वहिनींच्या खात्यात आणि कर श्रीपतरावांच्या बोकांडी! कायदा मोठा वस्ताद. त्यानं श्रीपतरावांची मूठ ओळखली. यावर माझं एक पद आहे — माझंच आहे, उगाच संतांवर ढकलत नाही —

मुखें म्हणे दिलें, मूठ नाही सुटे ।
तयाचें तें खोटें, दान जाणा ॥

श्रीपतराव घाईनं म्हणाले, मग रद्द करा ते सगळं. मुतालिक म्हणाले, "रद्द कसं होईल? तुम्ही दिलंत, त्यांनी घेतलं. त्यांनीच सही करून परत दिलं, तर दिलं. आणि वही नीट बघा. एक्कावन्न त्यांचे आहेत. उद्या त्यांनी संचालक बदलायचा ठराव आणला, तर तुमची खुर्ची जाईल."

पाय ओढत घरी आले बिचारे. वहिनी पोळ्या लाटत होत्या. नेहमीसारखा कागद पुढं केला. त्यात लिहिलं होतं, कर वाचत नाही, सबब पन्नास शेअर परत. वहिनींनी पिठाचा हात पुसला, चष्मा लावला — आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा कागद वाचला! तव्यावरची पोळी करपली. करपू दिली.

वाचून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही मला दिलं नव्हतंत. माझ्याआड लपवून ठेवलं होतंत."

श्रीपतरावांना मान वर करवेना. पण व्यापारी माणूस! खाली मान घालून घासाघीस सुरू केली. म्हणाले, बरं, पन्नास राहू देत, एक तेवढा परत दे, बरोबरीत येऊ.

"पन्नास मागा, विचार करीन. तो एक मागू नका," वहिनी म्हणाल्या. "कंपनी काढली तेव्हा माझ्या माहेरच्या पाटल्या मोडल्या होत्या. पहिलं यंत्र त्यातून आलं. त्या चार तोळ्यांचा हा एक शेअर आहे."

श्रीपतराव हे साफ विसरले होते, मंडळी! आणि आता एकदम सगळं आठवलं. पाटल्या निघेनात, म्हणून सोनाराच्या मोरीवर साबण लावून काढल्या होत्या. पुढं कित्येक दिवस वहिनींच्या मनगटावर पांढरा वण होता. त्यांना फार लाज वाटली. त्यांनी तो कागद उचलला आणि स्वतःच्या हातानं फाडला.

दुसऱ्या दिवशी दोघं मुतालिकांकडं गेले. वहिनींनी देव्हाऱ्याच्या खणात जपलेली सोनाराची चिठ्ठी दाखवली. ती वाचून मुतालिकांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "अहो, यांच्या सोन्यातून निम्मं भांडवल उभं राहिलं होतं. तेव्हाच तेवढे शेअर यांच्या नावानं घेतले असतेत, तर ते यांचेच झाले असते. लाभांश यांचा, कर यांचा. जो कर वाचवायला एवढं केलंत, तो पहिल्या दिवसापासून वाचला असता!"

ऐकलंत? बायकोचं होतं ते बायकोला द्यायचं राहिलं, आणि त्यापायी हा गृहस्थ सोळा वर्षं जास्तीचा कर भरत बसला!

उन्हाच्या बाजूला खोली झाली. पैसे वहिनींच्या लाभांशाचे, कर श्रीपतरावांचा. कुरकुर केली का? केली, खोटं कशाला सांगू! पण भरला. खोलीत पहिल्या दिवशी बायका बेदाणा निवडायला बसल्या, तेव्हा हातावर ऊन घेत बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. त्यांना कामाला लागा म्हणायला श्रीपतरावांची जीभ उचलली नाही. आणि वहिनींनी त्या साली स्वतःचं विवरणपत्र भरलं, त्या एका शेअरचं. कर शून्य. त्याची पोच देव्हाऱ्याच्या खणात, सोनाराच्या चिठ्ठीवर ठेवली.

आता या बाजूच्या माउल्या हसतायत. का हसतायत, ते त्या बाजूच्या दादांनी ओळखावं! तुमच्या दुकानाच्या पाटीमागं, गिरणीच्या पट्ट्याखाली, घराच्या पायात कुणाच्या पाटल्या आहेत? वहीत नाव कुणाचं आहे? आरतीचं ताट फिरेल, त्यात काय टाकायचं ते मूठ उघडून टाका. देवाला रुपया मोजता येतो, मूठही मोजता येते. त्याच्या पायाशी माझे बोल ठेवतो आणि तुम्हाला घरी पाठवतो. गेल्या गेल्या विचारा, "अगं, आपण हे सुरू केलं, तेव्हा तुझं काय मोडलं होतं?"

मात्र विचारायच्या आधी तव्याखालचा गॅस बंद करा. उत्तर लांबेल!