दोहाला दोन तास

पेण स्टँडवर पनवेलच्या गाडीसाठी थांबलेल्या सरूकाकीच्या मागं दोघी मोठी बॅग घेऊन उभ्या राहिल्या. काकीचे कान आपोआप तिकडं लागले.

"नफिसा, उधाणाचं पाणी बांधाला भिडलं की गावभर फोन वाजवणारं यंत्र केलंस तू, आणि विमानाला घाबरतेस?"

"घाबरत नाय गो, अपेक्षा. अमेरिकेतल्या बाईंनी वर्षभर फोनवरून शिकवलं, आता महिनाभर त्यांच्या कंपनीत बोलावलंय. जायचंच हाय."

"मग तोंड का उतरलंय?"

"विमान दोहाला बदलायचंय. दोन तास."

"दोहात तर मुआज हाय! तीन वर्षांनी नवरा भेटणार की!"

"कुठला भेटतोय? मी वर काचेआड. त्याची ड्यूटी खाली, विमानात सामान चढवायची."

"अगो बाय!"

"म्हणाला, बॅगेला निकाहाची ओढणी बांध, म्हणजे हजारांत ओळखेन."

"आणि तुला कसं कळणार, त्याला मिळाली ते?"

"तो गाठ सोडून परत बांधणार हाय, अमेरिकेत बॅग हातात आली की बघेन. त्याची होडीची गाठ मी डोळे मिटून ओळखते."

गाडी लागली. बॅग चढवायला सरूकाकीनं हात दिला तो खालून, वर बांधलेल्या ओढणीला धक्का न लागू देता.