तीन सूर्यांची ओळ

नाही, चूक नाही ती. बोट फिरवून बघ त्या ओळीवरून — खरखरीत लागतंय ना? चाकूनं खरवडलंय. खाली माझी ओळ होती, वर बसलीय ती मठाधिपतींची. ‘सरदार गेरोल्ड वारले, त्याआधी तीन सूर्य दिसले.’ वाच, वाच — अक्षर सुरेख आहे. तू एवढ्या लांबून तुमच्या मठासाठी नक्कल उतरवायला आलास आणि उतरवणार काय — तर हे. अरे, गेरोल्ड मेला उन्हाळ्यात, खा खा खाऊन. सूर्य दिसले आदल्या हिवाळ्यात — मधे खरा, दोन्ही बाजूंना एकेक खोटा आणि तिघांभोवती कडं. मी पाहिले ना. माझं कामच ते, आकाशात काही वेगळं दिसलं की ईस्टरच्या तारखांच्या तक्त्याशेजारी, त्या वर्षापुढे लिहायचं. पण वर्षाला जागा एकाच ओळीची. आणि गेरोल्डनं मठाला जमीन दिलेली — मग त्याच्या मरणाला आकाशातून काही नको का? उचलले सूर्य, दिले त्याला.

माझ्या ओळीत काय होतं? स्वयंपाकी होता. हाटो. सूर्य दिसले त्याच सकाळी तळ्यावर मासे काढायला गेला, पायाखालचा बर्फ फुटला. स्वयंपाक्याला कशाला ओळ, असं म्हणाले मठाधिपती. वाचवलं कसं नाही, विचारतोस? तळं भिंतीपलीकडेच, हो — पण आम्ही सगळे अंगणात गुडघ्यांवर, तोंडं वर करून. मठाधिपतींचा हुकूम होता — स्तोत्र संपेपर्यंत कुणी हलायचं नाही. हाक आली. सगळ्यांनी ऐकली. मठात सगळेच एकमेकांना भाऊ म्हणायचे, पण हा माझ्या आईच्या पोटचा. माझंच नाव घेत होता तो — वुल्फहार्ड, वुल्फहार्ड — आणि मी स्तोत्र म्हणत होतो. मोठ्यानं म्हणत होतो, ऐकू येऊ नये म्हणून.

म्हणून सांगतो, तुझ्या प्रतीत तरी खरं लिही. एवढंच — तीन सूर्य दिसले, हाटो बुडाला. मी गेलो की हे सांगणारं कुणी उरत नाही बाबा. काय? — मधल्या सूर्यात तलवार दिसली का? सरदाराला शोभेल म्हणतोस?

दिसली. लिही तलवार. मुकुटही होता, तोही लिही. शाई कमी पडली तर कोनाड्यात आहे. आणि आता माझ्याशी बोलू नकोस. जाताना दार ओढून घे.