बसऱ्याचं बिस्कीट

(निमगाव केतकी, १९३५. म्हस्कूच्या परसात भट्टी पेटली आहे.)

बापूसाहेब : ...तर प्रांतसाहेब म्हणाले, उद्या आलो की लढाईतलं बिस्कीट खायला घाला. ते सोता जर्मनच्या लढाईत तिकडं इराकात, बसऱ्याला होते. मी म्हणलं, आमच्या गावात कारागीर हाय. अभिमानानं सांगितलं.

म्हस्कू : नाव सांगितलंत?

बापूसाहेब : नाव कशाला? मान गावाचा हाय.

बानूबाई : ह्येच बिस्कीट माझ्या मालकांनी खाल्लं, म्हणून तुमी पंचांनी आमाला वाळीत टाकलं. सतरा वर्सं झाली.

बापूसाहेब : तवा ते गोऱ्याच्या हातचं होतं, बानूबाई.

म्हस्कू : माझ्याच हातचं होतं. बसऱ्याला पलटणीच्या भट्टीवर होतो मी. कणीक, मीठ, पाणी. असं टणक, की शिपाई बंदुकीच्या दस्त्यानं फोडायचे. दोन महिने दुसरं काय मिळालंच न्हाय. मरायला पायजे होतं, ते जमलं न्हाय.

बापूसाहेब : मेला असतास तर चावडीवर तुझ्या नावाचा दगड लावला असता आमी.

बानूबाई : आता तुमची नातवंडं बारामतीची बिस्किटं चहात बुडवून खात्यात.

बापूसाहेब : खात्यात की. जमाना बदलला.

बानूबाई : मग घ्या आमाला परत. आमच्या छबूला पळसदेवचं स्थळ आलंय. पंचांचा होकार आला, की सुपारी फोडू म्हणत्यात.

बापूसाहेब : बिस्किटाचं आता काय राहिलंच न्हाय. पंचांनी दिलेल्या शब्दाचं हाय. साहेब खुशीत गेले, की बसू. बघू.

म्हस्कू : बघू नका. ही पहिली खेप निघाली. माझ्या दारात, माझ्या हातचं एक खा. मग न्या परात भरून.

बापूसाहेब : एवढंच व्हय? आण. हं... गूळ घातलास जणू. झकास! साहेब खूश... अरं, पण घशातच बसलं की ह्ये.

म्हस्कू : बानू, पाणी आण.

बापूसाहेब : नको, नको. वाटंत माझी विहीर हाय.

बानूबाई : बिस्कीट चाललं, पाणी न्हाय?

बापूसाहेब : बिस्कीट भट्टीतलं, बाई. पाणी तुमच्या घरातलं.

बानूबाई : पळसदेवला निरोप धाडते. म्हणावं, दुसरी पोरगी बघा.

म्हस्कू : धाड. आन् तांब्या भरलाच हायस, तर भट्टीवर वत.