भाकरी देणारा हात

फादर लॉरेन्स, मार्था, रोझलिन, मंद्रूपच्या बाजूनं टेम्पो करून आलेली मंडळी, सात रस्त्यावरचे दुकानदार, वर्तमानपत्रांतले वार्ताहर, आणि जागा नाही म्हणून मागं दाराशी उभे राहिलेले तुम्ही सगळे,

मी शोभा देशपांडे. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना मी शाळेत मराठी शिकवलंय, त्यामुळं मला बोलता येत नाही असं म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. घंटा झाली तरी माझं बोलणं थांबायचं नाही. पण मघाशी फादरांनी प्रार्थना म्हटली, तुम्ही सगळे मागून म्हणत होता. मला ती पाठ नाही. मी नुसती त्या फोटोकडं बघत बसले.

बघा तुम्हीही. हार घातलेला हा फोटो. फ्रान्सिस साळवे. साऱ्या सोलापूरचे फोटो काढणारा माणूस, आणि त्याचा स्वतःचा एक धड फोटो घरात सापडेना. त्याच्या लेकीनं, रोझलिननं, कपाटं पालथी घातली. शेवटी तिनंच मोबाइलवर काढलेला हा मिळाला. खदखदून हसतोय, आणि हसता हसता डोळे मिटलेत. त्यानं पाहिला असता तर म्हणाला असता, "काढून टाक गं, परत घेऊ." आता कुठलं परत!

मला त्याला अहोजाहो करायला जमणार नाही. मोठेपणानं माफ करा. मानलेला धाकटा भाऊच होता तो माझा.

त्याचा स्टुडिओ सात रस्त्यावर. पोटापाण्यासाठी लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो. आणि उरलेला जीव आपल्या धर्मप्रांताच्या मासिकाला. बातम्या तो लिहायचा, फोटो तो काढायचा, अंक पोस्टात टाकायलाही तोच. एका संध्याकाळी छपाईची कच्ची पानं घेऊन माझ्या दारात उभा. म्हणाला, "बाई, फादरांना मी लिहिलेलं सगळंच बरं वाटतं. तुम्ही जरा कडक आहात म्हणून ऐकलंय." मी म्हटलं, "अरे, मी देशपांड्यांची, तुमच्या मासिकात माझं काय काम?" तर म्हणतो, "चुका काय जात बघून होतात काय बाई?" झालं. तेव्हापासून माझा लाल पेन आणि त्याची पानं. आमच्या घरी सत्यनारायणाचा प्रसाद घ्यायला तो यायचा आणि नाताळचा केक घेऊन त्याची बायको मार्था यायची, आणि मधल्या काळात आम्ही दोघं भांडायचो.

काय भांडायचो! मी एकदा त्याच्या लेखात घातलं, 'बिचारी म्हातारी'. त्यानं 'बिचारी' खोडलं. मी परत घातलं. त्यानं परत खोडलं. मी म्हटलं, "अरे, वाचणाऱ्याला दया नको का यायला?" तो म्हणाला, "बाई, मी तितं गेलो होतो. म्हातारी होती, खाट होती, शेळी होती. बिचारी कुटं दिसली नाही मला." 'लाभार्थी' हा शब्दही त्याला चालायचा नाही. म्हणायचा, "माणसाला नाव असतंय की." आधी नाव विचारायचा, घोटभर पाणी मागून प्यायचा, मग कॅमेरा पिशवीतून बाहेर. कितीही घाई असो. फादर गाडीत बसून हॉर्न वाजवायचे. फादर, वाजवायचा की नाही? बघा, मान हलवतायत.

एक गंमत सांगते. रडून काही तो परत येणार नाही, आणि त्याला रडके फोटो आवडतही नव्हते. एका गावात एक शेठ घोंगड्या वाटायला आले होते. नाव सांगत नाही. थंडी मरणाची. एका आजीच्या खांद्यावर घोंगडी टाकायची, फोटो काढायचा, शेठना पसंत पडला नाही की घोंगडी काढून घ्यायची आणि पुन्हा टाकायची. आजी कुडकुडतेय. दोनतीनदा झालं, आणि आमच्या साहेबांनी जाहीर केलं, "शेठ, बॅटरी गेली." शेठ चिडले, घोंगड्या ठेवून निघून गेले. गाडी वळली तशी यानं आजीला खुर्ची दिली, घोंगडी नीट लपेटली, आणि म्हणाला, "आजी, आता बघा हिकडं." बॅटरी ठणठणीत! खोटारडा कुठला. आजीचा तो फोटो आजही तिच्या घरात देवांच्या शेजारी लावलेला आहे.

आता मी ज्यासाठी उभी राहिले ते सांगते. तुम्ही सगळ्यांनी बातमी वाचलीय. देशभरातल्या कॅथलिक पत्रकारांत आपल्या फ्रान्सिसला पुरस्कार जाहीर झाला. उत्तम पत्रकारिता आणि मानवसेवेचं छायाचित्रण, या दोन्हींसाठी. दिल्ली नाही, मुंबई नाही, सोलापूर! चौकात फलक लागले. ज्यांनी कधी मासिकाची वर्गणी भरली नाही त्यांनीही पेढे खाल्ले. पण त्या पुरस्कारापायी शेवटचे काही आठवडे हा माणूस काय भांडला, ते थोड्यांनाच ठाऊक आहे. ते सगळ्यांना कळलं पाहिजे.

ज्या फोटोला मान मिळाला तो तुम्ही पाहिलाय. सीना नदीचं पाणी गावात शिरलं होतं तेव्हाचा, मंद्रूपच्या पुढच्या नदीकाठच्या गावातला. मागं पडलेली भिंत. चिखल. पुढं एक बाई, डोईवर पदर, हात पुढं केलेला. तळहातावर भाकरी. आणि वरून त्या भाकरीला लागलेला दुसरा हात, पांढऱ्या झग्याच्या बाहीचा. माणूस दिसत नाही, नुसती बाही.

पुरस्कार देणाऱ्या संस्थेनं तो जाहीर करताना फोटोखाली ओळ छापली, 'पूरग्रस्त महिलेला अन्नदान करताना धर्मगुरू.'

तुम्हाला काय वाटलं होतं फोटो बघून? खरं सांगा. मलाही तेच वाटलं असतं. पांढरी बाही म्हणजे देणारी. चिखलातली बाई म्हणजे घेणारी. पण ती बाई म्हणजे कस्तुराबाई. तिचं घर पडलं होतं. शेजारणीच्या माळ्यावर जोंधळ्याचं पीठ तेवढं कोरडं राहिलं होतं. ट्रक घेऊन आपली मंडळी पोचली, पोती उतरवायला लागली, आणि ही बाई तीन दगडांची चूल मांडून भाकऱ्या थापायला बसली. कुणासाठी? पोती उतरवणाऱ्यांसाठी! फादर सकाळपासून उपाशी होते. ती उठून आली आणि म्हणाली, "जेवलासा का फादर? तोंड बघा कसं सुकलंय. घ्या की, शेंगदाण्याची चटणी हाय वर." तिनं तळहातावर भाकरी धरली आणि फादरांनी उचलली. तेवढ्यात यानं फोटो काढला.

म्हणजे भाकरी देणारा हात खालचा. घेणारा वरचा.

फ्रान्सिसनं पाठवताना नीट लिहिलं होतं, कस्तुराबाई फादरांना भाकरी देतायत म्हणून. तिकडच्या कुणाला तरी वाटलं, या सोलापूरवाल्यानं उलटं लिहिलं. त्यांनी बिचाऱ्यांनी सुलटं केलं. (बघा, 'बिचारे' हा शब्द शेवटी कामाला आला. इथं तो खोडला नसता त्यानं.)

फ्रान्सिसनं कळवलं, ओळ बदला. उत्तर आलं, पुढच्या वेळी बघू, पुरस्काराचा फलक तयार झालाय. यानं उलट कळवलं, मग माझं नाव काढा. ओळ बदलल्याशिवाय मी पुरस्कार घेणार नाही.

तेव्हा तो आजारी होता. दवाखान्यात होता. त्याला समजवायला लोक गेले. या सभागृहातलेच काही गेले होते, नावं घेत नाही, कुणी खाली बघू नका. म्हणाले, "फ्रान्सिस, एवढा मान सोलापूरला पहिल्यांदा येतोय, एका ओळीपायी घालवू नकोस. फोटो तर तोच आहे ना?" मार्था म्हणाली, "मिळतंय ते घ्या की हो गपगुमान." मीही म्हणाले असते, पण मला त्याचा स्वभाव माहीत होता. तो मार्थाला म्हणाला, "तिचं घर गेलं, जोंधळं गेलं. त्या दिवशी तिच्याजवळ द्यायला एकच गोष्ट होती, ती तिनं दिली. आता ती भाकरीपण आपण तिच्या हातनं काढून घ्यायची व्हय?"

मार्था बाहेर येऊन मला म्हणाली, "बाई, आता मीपण बदलू देणार नाही ह्यांना मन." अशी बायको होती म्हणून असा नवरा होता. उगीच नाही.

आणि फादर, तुमचंही सांगू दे. फोटोतली बाही तुमची. ती ओळ तशीच राहिली असती तर मोठेपणा तुम्हाला होता. कुणी विचारणार नव्हतं. तुम्ही स्वतः संस्थेला फोन लावलात आणि म्हणालात, "ती भाकरी मी खाल्लीय. मला विचारा." सोलापूरचे फादर आहेत हे! मला तुमचाही अभिमान वाटतो, आज सगळ्यांसमोर सांगते.

ओळ बदलली. संस्थेच्या लोकांनी मोठ्या मनानं चूक कबूल केली, त्यांनाही नमस्कार. फलक नवा झाला. रोझलिननं दवाखान्यात नवी ओळ वाचून दाखवली, मी तिथं होते. 'स्वतःचं घर वाहून गेल्यावर मदतीला आलेल्यांना भाकरी देताना कस्तुराबाई.' मला वाटलं, आता हा रडेल, हसेल, देवाचं नाव घेईल. तर म्हणतो काय, "कस्तुराबाईंना कळवलं का?"

रोझलिन म्हणाली, "सांगते पप्पा, उद्या." "उद्या न्हाय. आत्ता लाव." फोन लावला. तिकडं रेंज नाही, कस्तुराबाई कुठल्या तरी उंचवट्यावर जाऊन ओरडून बोलत होत्या, सगळ्या खोलीला ऐकू येत होतं. रोझलिननं सगळं सांगितलं, पुरस्कार, ओळ, नाव. मग कस्तुराबाई म्हणाल्या, "ते असू दे की. भाऊला द्या फोन." याच्या कानाला फोन लावला. त्या म्हणाल्या, "भाऊ, जेवलासा का?"

त्याला बोलवत नव्हतं. तरी म्हणाला, "व्हय. जेवलो."

जेवला नव्हता हो! दोन दिवस त्याच्या पोटात अन्न नव्हतं. शेवटपर्यंत खोटारडा. पण त्याचा चेहरा मी पाहिला. आयुष्यात त्यानं एवढ्या लोकांचे चेहरे टिपले, तो चेहरा टिपायला मात्र कुणी नव्हतं. मी होते. मी सांगते तुम्हाला, तो माणूस पोट भरल्यासारखा दिसत होता. मंडळी, लई मोठ्या पुरस्कारानंही एवढं पोट भरत नाही.

कस्तुराबाई आज इथं आल्यायत. त्या तिसऱ्या रांगेत, हिरव्या लुगड्यात. बाई, उठू नका, बसा. मघाशी मी त्यांना विचारलं, पुरस्कार घ्यायला रोझलिनबरोबर तुम्हीही जाल का? म्हणाल्या, "मी कशाला? फोटो त्यानं काढला, मी नुसती भाकर केली." कस्तुराबाई, माझं ऐका. मी मास्तरीण आहे, माझं सगळे ऐकतात. तुम्ही जायचं. फ्रान्सिसनं स्वतःचं नाव पणाला लावून तुमचं नाव त्या फलकावर आणलंय. ते नाव पुकारलं जाईल तेव्हा उठून उभं राहायला तिथं कुणीतरी असलं पाहिजे. जाणार ना? झालं. मान हलवली. रोझलिन, तिकीट काढ.

फ्रान्सिस, माझ्या भावा, तुझ्या देवानं तुला जवळ घेतलं असेल. त्यानं आधी नाव विचारलं असेल, अशी माझी खात्री आहे, नाहीतर तू भांडला असशील. आमच्या सोलापूरची मान तू उंच केलीस. पण तू जे केलंस ते फोटोत नाही, फोटोखालच्या त्या एका ओळीत आहे. त्याबद्दल तुला माझा वाकून नमस्कार. वयानं मी मोठी असले तरी.

आता आपण उभे राहू आणि थोडा वेळ शांत राहू. अशा वेळी लोक डोळे मिटतात. पण इथं असा कोण आहे ज्यानं त्याच्या स्टुडिओतल्या त्या स्टुलावर बसून फोटो काढला नाही? दहावीच्या अर्जाचा, रेशन कार्डाचा, लग्नाचा? आणि प्रत्येकाला त्यानं एकच दटावणी दिलीय. आठवतेय ना?

"डोळे मिटू नका."

उभे राहा मंडळी. त्याचे मिटलेत. आपले उघडे राहू द्या. त्याच्याकडं बघा.