आवाज न येणारी खोली

नाही, टेबल खिडकीसमोर नको, शुभा. उजेड मागून आला की पोराचं तोंड काळं दिसतं, टीचरना वाटतं झोपलाय. उजेड बाजूने हवा. मागे भिंत कोरी — कॅलेंडर नको, देव नकोत, दोरीवरचे कपडे तर अजिबात नकोत. आणि जरा हळू बोल हं, ऋतिका आत आहे, क्लास चालू आहे तिचा. दाराला खालून रबराची पट्टी लावलीये, तरी मी हळूच बोलते, सवय झाली आता. तुझ्या सर्वेशचा पाय प्लॅस्टरमध्ये म्हणजे दिवाळीपर्यंत तरी घरूनच शिकणार ना तो? मग नीट कर सगळं. लोकांना वाटतं लॅपटॉप घेतला, वायफाय घेतलं, झालं. अगं ते कोणीही घेतं. घर बदलावं लागतं. डोअरबेल काढली मी. कुकर आधीच लावून मोकळी होते. पंखा कुरकुरायचा, बदलला. लॉकडाऊन संपल्यावरही पोरीला ऑनलाइन शाळेतच ठेवली ती उगाच नाही — तिची टीचर मला म्हणाली, मिसेस सावंत, तुमच्या घरात माणसं राहतात की नाही. अख्ख्या मुलुंडमध्ये दुसरं घर दाखव मला असं.

ती खोली ना? आधी भाऊंची होती. माझे सासरे गं. तू वरच्या मजल्यावर राहायला आलीस त्याच्या आधीची गोष्ट. त्यांची लालबागची खोली विकून हा फ्लॅट घेतला, तेव्हा आमच्या देवदत्तने, मुलगाच ना त्यांचा, शब्द दिलेला, आतली खोली तुमची म्हणून. आता शब्द काय, देताना कोणाला माहीत असतं पुढे शाळा घरात येणार आहे? ऋतू त्यांच्याजवळच झोपायची. ते तिला मालवणीत काहीबाही सांगायचे, ती हसायची, दोघांचं रात्रंदिवस चालू. आणि आवाज केवढा त्यांचा — मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे मागांवर, जन्म गेला, त्या खडखडाटात कान गेले, त्यामुळे साधं पाणी मागितलं तरी खालच्या वॉचमनला कळायचं. क्लासमध्ये टीचरने विचारलं, नारळाच्या झाडाला काय म्हणतात, भाऊ मागून बनियनवर, माड, माड गो. सगळा क्लास हसला. टीचरही हसली. ऋतूसुद्धा हसली, मला त्याचंच जास्त लागलं. लाज वाटायला हवी होती तिला.

मग काय, कॉट हलवली. किचनच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनशेजारी. देवदत्त म्हणाला, भाऊंना तिथे वारा लागेल. म्हटलं प्लास्टिक लाव. लावलं त्याने — तो तसा चांगला आहे, एकदाच बोलतो. आणि भाऊंना मी नीट समजावलं, हातवारे करून, की दार बंद म्हणजे क्लास चालू, क्लास चालू म्हणजे आवाज नाही. खोकला आला तर उशीत. पहिल्यांदा विसरायचे. मग मी काय केलं, ते विसरले की त्या दिवशी ऋतूने संध्याकाळी त्यांच्याजवळ बसायचं नाही. पटकन शिकले. म्हातारी माणसं शिकत नाहीत असं म्हणतात ना, खोटं आहे गं, काय काढून घ्यायचं ते कळलं पाहिजे आपल्याला.

शेवटी शेवटी तर इतके शांत झाले, यार, मीच विसरायचे ते घरात आहेत म्हणून.

पडले ते त्या वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी. ऑनलाइन फायनल होती, परीक्षक कुठे कुठे बसलेले, ऋतूचं भाषण चालू, मी कॅमेऱ्याच्या मागे उभी. किचनकडून धप्पकन आवाज आला. मला वाटलं बादली. बादलीच वाटली गं, देवाशपथ. ऋतूने मान वळवली, मी बोटाने दाखवलं, समोर बघ. मग हाक आली, ऋतू म्हणून. हळू. एवढा मोठ्याने बोलणारा माणूस, पण ती हाक अगदी हळू, दाराला तोंड लावून मारल्यासारखी — माझ्या भीतीनेच असेल, त्यांना माहीत होतं ना दार बंद आहे. ऋतू उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. कॅमेऱ्यात फक्त माझी बोटं आली असतील. आणि बोलली पोरगी. एक शब्द अडखळली नाही. पहिली आली.

काय? नाही, लगेच गेले ना मी. म्हणजे भाषण झालं, निकाल सांगितला, परीक्षकांनी आभार मानायला लावले, त्यानंतर. खुबा मोडला होता. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने विचारलं, किती वेळ पडून होते, म्हटलं आत्ताच पडले, आवाज आला तशी धावले. ऋतू तिथेच उभी होती माझा हात धरून. तिने हात सोडला. पोरं असतात अशी, घाबरली असेल त्यांना बघून.

घरी नाही आणलं त्यांना. कणकवलीला नणंद आहे, तिच्याकडे पाठवलं, तिथली हवा चांगली. तिथेच गेले. फोनवर ऋतूशी बोलायचं म्हणत होते, पण नणंदेच्या मागे कोंबड्या, रेडिओ, काय काय, आणि इथे क्लास. राहून गेलं.

आणि ऋतू म्हणजे, काय सांगू, तेव्हापासून बोलत नाही. मुकी नाही गं. गळा दाखवला, दोन डॉक्टरांना दाखवला, दोष काही नाही म्हणतात. क्लासमध्ये चॅटवर लिहिते, उत्तरं सगळी बरोबर. मलाही फोनवरच टाईप करते. पाणी हवं, भूक लागली, दार लाव. सुरुवातीला मी एक कानाखाली दिली. मग म्हटलं, जाऊ दे, निदान त्रास नाही. त्या तिसऱ्या डॉक्टरीणबाई मला एकटीला आत बोलवत होत्या, घरात काय झालं विचारत होत्या, मी बंदच केलं तिथे जाणं.

तू अशी काय बघतेस? तुझंच भलं सांगतेय. तुझी सासू हॉलमध्ये दिवसभर पोथी वाचते ना मोठ्याने? खाली ऐकू येतं मला. सर्वेशचं वर्ष जाईल. प्रेमाने सांगून बघ, नाही तर माझ्याकडे पाठव त्यांना, मी सांगते.

थांब, ऋतूचा मेसेज. चहा हवा असेल. — 'शुभाकाकूला विचार, सर्वेशची आजी कुठे झोपणार.'

बघ. क्लास सोडून कान इकडे. एवढी पट्टी लावून —

नाही, शुभा, उठू नकोस. दार उघडू नकोस तिचं, कॅमेरा चालू आहे. काय बोलायचंय तिच्याशी तुला? ती बोलत नाही म्हटलं ना. अगं तिचा हात सोड. तुझ्या घरात काय करायचं ते कर, माझ्या पोरीला हात लावायचा नाही.

जा. जा म्हटलं ना. हळू जा.