पार्टीच्या हापिसातल्या झोळ्या

माझा जन्म करमाडचा, पोलीस ॲक्शनच्या नंतरचा, साल इचारू नका, अम्मी म्हणायची, निजाम गेला अन् तू आलीस. अब्बा गाद्या भरायचे, गावात लगीन कुणाचंबी असो, गादी आमच्या घरची. माझं लगीन झालं, शहरात आले, मिलमधी लागले. तिथं पार्टी भेटली. भाषण ऐकून कुणी पार्टीचं होत असंल, मी पाळणाघरापायी झाले. आमच्या वस्तीसाठी पार्टीनं म्युन्शिपाल्टीशी भांडून पाळणाघर घेतलं, माझी समदी लेकरं तिथंच रांगली.

अन् काय सांगू तुम्हाला, पुढं म्युन्शिपाल्टीत आमचीच पार्टी निवडून आली, तर आमचेच विलासभाऊ म्हणाले, जैनबआपा, पाळणाघर आता ठेकेदाराला द्यायचं, फी लावायची. मी म्हणलं, का हो भाऊ, लेकरांनी काय केलं? तर म्हणे, गुलमंडीतले व्यापारी म्हणतात, यांना नुसतं वाटता येतं, कारभार जमत नाय, त्यांना आपला भरवसा वाटला पाहिजे. भाऊ खोटं बोलत नव्हते हां. प्रचाराला दारोदार फिरायची तर लोक मलाबी इचारायचे, आपा, देणार देणार म्हणता, पैसा आणणार कुठून? अन् मी कागद हातात देऊन पुढच्या दाराला पळायची.

पार्टीत त्या ठेक्याचा ठराव होता, त्या दिवशी आम्ही बाया लेकरं घेऊनच पार्टीच्या हापिसात गेलो. लुगड्याच्या झोळ्या खिडकीच्या गजांना बांधल्या, एक तर छताच्या कडीला, थेट टेबलाच्या वर. विलासभाऊ बोलायला उभे राहिले तर झोळी तोंडासमोर. एका हातानं झोका देत देत बोलायले, हात थांबला की पोरगं रडायचं. माझी शेजारीण गंगू म्हणाली, भाऊ, लई दिवसांनी कामाचं काही करायलेत! समदं हापिस हसलं, भाऊबी हसले.

मग मी उठले. म्हणलं, भाऊ, शेठचा भरवसा पाहिजे, व्हय, पाहिजे. पण मोठ्या दुकानांची पट्टी वाढवतो अन् त्यातून पाळणाघर चालवतो, हे गुलमंडीत उभं राहून सांगा ना. कुणाकडून घेणार हे बोलायची तुम्हाला भीती, म्हणून काय देणार तेबी गिळून टाकता. मग भरवसा ठेवायचा कुणी, शेठनं का आम्ही?

हात वर झाले. आमचे कमी पडले. पाळणाघराला फी लागली, गंगूच्या थोरलीची शाळा सुटली, धाकट्याला कोण बघणार? अन् पुढचं इलेक्शन, तेबी हरलोच की. गुलमंडीनं शेवटी त्यांच्याच माणसाला मत दिलं अन् आमच्या बाया त्या दिवशी घराबाहेर निघाल्या नाय.

मी पार्टी सोडली नाय. का सोडू? माझी हाय ती. आता पुंडलिकनगरला लेकाकडं राहते. इलेक्शन आलं की नवा उमेदवार येतो, पायाला हात लावतो, मी एकच इचारते, बेटा, पैसा आणणार कुठून, घेणार कुणाकडून? परवाचा म्हणाला, आजी, ते निवडून आल्यावर बघू की, आधी दुवा तर द्या. त्याची माणसं मोबाईल धरून फोटोला उभी. मी हात मांडीवरच ठेवला. म्हणलं, बेटा, असाच वाकून ऱ्हा. उत्तर आलं की हात येईल.